रात्री दोनला डिस्क गायब होते. डिस्क गेली म्हणायची का?

प्रश्न

आमच्या घरचा सर्व्हर म्हणजे २०१३ सालचा एक लॅपटॉप आहे. ८ जीबी रॅम, आत १२० जीबीची एसएसडी, तिच्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. झाकण मिटून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलाय, अडीच वर्षं रात्रंदिवस चालू आहे. त्याला चार तोंडांचा एक यूएसबी हब आणि हबला २ टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क जोडल्या आहेत. एक मूळ, दुसरी तिची प्रत. रोज रात्री दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) आरसिंक हा प्रत करणारा प्रोग्राम चालतो आणि मूळ डिस्कवरचं सगळं प्रतीच्या डिस्कवर नेतो. डिलीटचा पर्याय लावलेला आहे, म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. एकूण ८२० जीबी भरलंय, बहुतेक फोटो.

पण माझा जीव अडकलाय तो फोटोंत नाही, ६२ कॅसेटींत. माझे वडील काकांना पत्रं लिहीत नसत, टेपवर बोलून कॅसेट पाठवत. १९८४ ते १९९३ इतकी वर्षं. काका गेले तेव्हा काकूंनी तो अख्खा खोका आम्हाला आणून दिला. मी एकेक कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावून संगणकात उतरवली. तासाची फीत उतरवायला तासच लागतो, त्यामुळे सुट्टीचे किती दिवस त्यात गेले ते मोजलेले नाहीत. वेव्ह फाइल आहेत, तासाला साधारण ६३५ एमबी, सगळ्या मिळून ३९ जीबी. काही फितींचा पट्टा उतरवून झाल्यावर तुटला. आता जे आहे ते या डिस्कवर आहे.

तीन महिन्यांपासून मूळ डिस्क मधूनच नाहीशी होते. आठवड्यातून दोनदा तरी. सकाळी उठून पाहावं तर फोल्डर उघडत नाही, इनपुट आउटपुट एरर येते. लॅपटॉप रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा परत दिसते. दोनदा तशीही दिसली नाही, केबल काढून घालावी लागली. डिस्कमधून टकटक आवाज येत नाही. यूएसबीची केबल बदलून पाहिली, फरक नाही.

स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदी) काढले ते असे. ५ क्रमांक (रीअलोकेटेड सेक्टर) ०. १९७ (पेंडिंग सेक्टर) ०. १९८ (दुरुस्त न झालेले सेक्टर) ० आणि १९९ (जोडणीतल्या चुका) सुद्धा ०. ९ क्रमांक, चालू असलेले तास, २१,९००. १२ क्रमांक, पॉवर सायकल, १६१. १९२, पॉवर ऑफ रिट्रॅक्ट, १३७.

शिवाय दुसऱ्या संगणकावरून फाइल टाकताना वेग कायम ११ एमबी प्रतिसेकंद. त्याच्या वर कधी गेला नाही, राउटर गिगाबिटचा असूनही. हे डिस्क मंदावल्याचं लक्षण आहे का?

नवी डिस्क घ्यायची मनाची तयारी आहे. कोणत्या प्रकारची घ्यावी एवढं सांगा. आणि जाता जाता, दीड महिन्यापूर्वी आतली एसएसडी अचानक १०० टक्के भरली. मी काहीच टाकलं नव्हतं. लॉग पुसून थोडी जागा केली आहे, पण इतकं कशाने भरलं ते सापडत नाही. त्याचा याच्याशी संबंध नसावा.


प्रतिसाद १

पोर्टेबल डिस्क चोवीस तास चालवण्यासाठी नसतात. दोन खणांचा नास (नेटवर्कवरची डिस्कची पेटी) घ्या, त्यात नासच्या दर्जाच्या दोन डिस्क घाला आणि राईड १ लावा, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरी चालू राहील. घेताना सीएमआर (पट्टे शेजारी शेजारी, सुटे) लिहिलेल्याच घ्या, एसएमआर नको. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे बरंच काही सलग लिहायला गेलं की वेग कोसळतो. मी पाच वर्षं असंच चालवतोय, त्रास नाही.


प्रतिसाद २

ताई, बाकीचं नंतर वाचा. आज रात्री दोनच्या आधी तो क्रॉन बंद करा. आत्ताच करा आणि मग पुढे वाचा.

कारण सांगतो. मूळ डिस्क एखाद्या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे त्या फोल्डरातून दिसू लागते. डिस्क बसली नाही तर ते फोल्डर नाहीसं होत नाही, रिकामं राहतं. एफस्टॅबमध्ये (कोणती डिस्क कुठल्या फोल्डरवर बसवायची त्या यादीत) नोफेल लिहिलेलं असलं, आणि यूएसबी डिस्कसाठी बहुतेक जण ते लिहितात, तर डिस्क नसतानाही यंत्र तक्रार न करता सुरू होतं. तुम्हीच लिहिलंय की दोनदा रीस्टार्ट करूनही डिस्क दिसली नव्हती. त्या दोनपैकी एखाद्या दिवशी तुमचं लक्ष गेलं नसतं आणि रात्रीचे दोन वाजले असते, तर आरसिंकला मूळ जागी रिकामं फोल्डर दिसलं असतं. डिलीट लावलेलं आहे, म्हणजे त्याच्या मते मालकिणीने सगळं पुसलंय. त्याने प्रतीवरचं ८२० जीबी इमानदारीने पुसून टाकलं असतं.

डिस्क चालता चालता गेली तर आरसिंकला वाचताना एरर येते आणि तो पुसायचं काम आपोआप टाळतो. आजवर तुम्ही त्याच्यावर तरलात. रिकाम्या फोल्डरात मात्र एरर नसते. तिथे तो थांबत नाही.

आता एसएसडी. संबंध नसावा म्हणता, मला तर तो सरळ दिसतोय. हीच गोष्ट उलट्या बाजूने झालेली असणार. त्या रात्री प्रतीची डिस्क बसलेली नव्हती. आरसिंकने तिच्या फोल्डरात लिहायला सुरुवात केली, पण डिस्क नसताना ते फोल्डर आतल्या एसएसडीवरचं असतं. एसएसडी भरेपर्यंत तो लिहीत राहिला. पुढे डिस्क परत बसली आणि त्या फोल्डरावर पांघरुणासारखी पसरली. खालचं सगळं जागच्या जागी आहे, दिसत मात्र नाही. म्हणून एकूण हिशेबात जागा भरलेली दिसते आणि फोल्डर फोल्डर मोजत गेलात तर काहीच सापडत नाही. प्रतीची डिस्क अनमाउंट करा आणि त्याच फोल्डरात डोकावा. जे दिसेल ते पुसू नका. का ते खाली येईल.

आणि डिस्क. मला ती मेलेली वाटत नाही. ५, १९७ आणि १९८ शून्य आहेत, म्हणजे चकतीवर खराब जागा सापडलेली नाही. १९९ शून्य, म्हणजे बॉक्सच्या आतल्या जोडणीत डेटा बिघडत नाहीये. बोलका आकडा १९२ आहे. डिस्कची वीज नीट बंद व्हायच्या आधी अचानक गेली की हेड घाईने मागे घ्यावं लागतं, आणि हा आकडा एकाने वाढतो. १६१ वेळा डिस्क सुरू झाली, त्यातल्या १३७ वेळा तिची वीज अशी तोडली गेली. डिस्क पळून जात नाहीये, तिला उपाशी ठेवलं जातंय.

त्या हबला स्वतःचा अडॅप्टर आहे का? नसणार असा माझा अंदाज. यूएसबी ३ च्या एका तोंडातून मानकाप्रमाणे ९०० मिलिअँपिअर मिळतात. अडीच इंची डिस्क थांबलेली असेल आणि चकती फिरायला लागली की पहिल्या काही सेकंदांना तिला १ अँपिअरच्या आसपास लागतो, नंतर निम्म्याहूनही कमी. एकटी असेल तर कशीबशी निभावते. तुमच्याकडे एकाच तोंडावर दोन आहेत. प्रतीची डिस्क दिवसभर झोपलेली. दोन वाजता आरसिंक तिला उठवतो, ती उठताना घोटभर जास्त ओढते, व्होल्टेज खाली येतं आणि जी चालू होती ती मूळ डिस्क बंद पडते. केबल बदलून फरक पडला नाही तो म्हणूनच.

खात्री करायची असेल तर कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'यूएसबी डिसकनेक्ट' शोधा आणि वेळा पाहा. माझं बरोबर असेल तर बहुतेक वेळा दोन वाजून काही सेकंद अशा असतील. प्रतीच्या डिस्कचाही १९२ काढा.

आता क्रम महत्त्वाचा आहे. आधी ३९ जीबीच्या त्या फाइल तिसऱ्या जागी न्या. कुठलीही रिकामी डिस्क चालेल. ती लॅपटॉपला थेट जोडा, हबमधून नको. मग बाकी तपासणी. फाइल सिस्टिम दुरुस्त करणारा एफएससीके तर प्रत झाल्याशिवाय चालवूच नका. त्याचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं आहे, तुमच्या फाइल वाचवणं नाही. दुरुस्तीत जे जुळत नाही ते तो तोडून टाकतो.

वरच्या प्रतिसादातल्या राईडबद्दल. त्यांचा सल्ला चांगल्या मनाने दिलाय आणि सीएमआरचं बरोबर आहे, पण राईड १ म्हणजे प्रत नव्हे. तुम्ही फाइल पुसली की दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. बिघडली तर दोन्हीकडे बिघडते. डिस्क मेल्यावर काम चालू राहावं एवढ्यापुरतं ते ठीक आहे. तुमची गरज वेगळी आहे.


धागाकर्ती

क्रॉन बंद केला. वाचताना हात थरथरत होते, खोटं नाही सांगत.

हबला अडॅप्टर नाही. नोफेल आहे, मीच एका लेखात वाचून टाकलं होतं. लॉगमध्ये तीन महिन्यांत २६ वेळा डिसकनेक्ट सापडलं, त्यातले २३ वेळा रात्री २ वाजून ५ ते ९ सेकंद या वेळेत. उरलेल्या तीन वेळी मी बहुधा दिवसा हाताने प्रत चालवली होती. प्रतीच्या डिस्कचा १९२ आहे ४१.

प्रतीची डिस्क अनमाउंट केली. खाली ७१ जीबी आहे. 'आवाज' हे फोल्डर पूर्ण, आणि फोटोंची पहिली काही वर्षं. वर्णक्रमाने लिहीत गेलं असावं. पुसलेलं नाही.

आता दुसऱ्या लॅपटॉपवर 'आवाज' नेते आहे, नेटवर्कवरून. त्याच ११ एमबीच्या वेगाने. तासभर लागेल.


प्रतिसाद ३

११ एमबीचं मी सांगतो, दिवसभर तारांचंच काम करतो.

कायम ११ आणि त्याच्या वर कधीच नाही, म्हणजे डिस्क नाही. डिस्क मंदावली तर वेग वरखाली होतो. असा भिंतीला टेकल्यासारखा आकडा म्हणजे जोडणी १०० मेगाबिटवर बसली आहे. १०० भागिले ८ साडेबारा, त्यातून नेटवर्कचा स्वतःचा खर्च गेला की ११ ते साडेअकरा उरतात. गिगाबिट असेल तर ११० च्या आसपास दिसायला हवं.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात: १, २, ३ आणि ६ या पिना. गिगाबिटला चारही लागतात. ४, ५, ७, ८ यांपैकी एक जरी तुटली तरी यंत्रं गिगाबिट जुळवून पाहतात, जुळत नाही, आणि गुपचूप १०० वर येतात. दिवा लागतो, इंटरनेट चालतं, म्हणून कोणाला कळत नाही. ईथटूल (जोडणीची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवून 'स्पीड'समोर काय लिहिलंय ते पाहा. १०० असेल तर केबल बदला. कॅट ५ई पुरे, गिगाबिट तिच्यावर १०० मीटरपर्यंत जातं. फक्त शुद्ध तांब्याची पाहा. वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असलेली तार कपाटाच्या कोपऱ्यात दोनदा वाकवली की आतून तुटते.

आणि एक विचारायचं होतं, कारण तुम्ही लिहिलंत की लॅपटॉप अडीच वर्षं चार्जरवर, झाकण मिटलेला. त्याचा टचपॅड नीट दाबला जातो का? झाकण पूर्ण मिटतं का? खालची बाजू टेबलावर सपाट बसते का?


धागाकर्ती

ईथटूल म्हणतंय १००.

टचपॅड गेले काही महिने दाबला जात नाहीये. जुना झाला म्हणून मी लक्ष दिलं नाही. आत्ता खाली काढून टेबलावर ठेवला, तर एका कोपऱ्यावर डुगडुगतोय.


प्रतिसाद ३

'आवाज'ची प्रत पूर्ण झाली असेल तर लॅपटॉप बंद करा आणि चार्जर काढा. झाली नसेल तर होऊ द्या, पण शेजारी बसून. त्याच्याखाली कापड किंवा कागद नको. आणि परत फळीवर ठेवू नका.

ती बॅटरी फुगली आहे. लिथियमची बॅटरी कायम १०० टक्के भरलेली आणि गरम राहिली की आतलं द्रव्य हळूहळू विघटित होतं, त्याचा वायू होतो आणि पाकीट फुगतं. टचपॅडच्या खाली तीच असते, म्हणून तो आधी अडकतो. बऱ्याच जणांना ती पंक्चर करून हवा काढावीशी वाटते. तसं अजिबात करू नका, आत हवा लागली की पेट घेऊ शकते. दाबू नका, वाकवू नका. यंत्र गार झाल्यावर स्क्रू काढून सहज निघत असेल तर काढा. चिकटवलेली असेल तर जबरदस्ती नको, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच.

बॅटरीशिवाय बहुतेक लॅपटॉप चार्जरवर चालतात. मात्र वीज गेली की तो तत्क्षणी बंद पडणार, तेव्हा छोटा यूपीएस लागेल. पुढे नवी बॅटरी घातलीत तर यंत्रात चार्जिंगची मर्यादा ठरवायची सोय आहे का पाहा, असेल तर ६० ते ८० च्या मध्ये ठेवा.


प्रतिसाद २

बॅटरीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. विचारलंत ते फार बरं केलंत.

ताई, आता तुमच्याकडे कॅसेटींच्या चार जागा आहेत: मूळ, प्रत, दुसरा लॅपटॉप आणि एसएसडीवर दडलेली. त्या शेवटच्या पुसू नका म्हटलं, कारण त्या दीड महिना जुन्या आहेत आणि तिथे आरसिंक परत फिरकलेला नाही. सगळ्यांचे एसएचए २५६ (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून तुलना करा. सारखे असतील तर उत्तम. वेगळे निघाले तर कोणती खरी ते फक्त कान सांगतील. तीन महिन्यांत जी फाइल तुम्ही उघडून परत सेव्ह केली असेल, तिच्यापासून सुरुवात करा.


धागाकर्ती (अकरा दिवसांनी)

सगळं सांगते, क्रमाने नाही जमणार.

६१ फाइल चारही ठिकाणी सारख्या निघाल्या. एक नाही. ४१ क्रमांकाची. मूळ डिस्कवर ती ४०२ एमबी, प्रतीवर ४०२, दुसऱ्या लॅपटॉपवरही तेवढीच. एसएसडीवर दडलेली मात्र ६३५.

गेल्या महिन्यात मी त्या फितीच्या सुरुवातीची खरखर काढत होते. थेट सर्व्हरवरच सेव्ह केलं, आणि सेव्ह होत असताना डिस्क गेली. लॉगमधला दिवसाचा एक डिसकनेक्ट तोच आहे. रीस्टार्ट करून मी सुरुवातीची दोन मिनिटं ऐकली, खरखर गेली होती, समाधान वाटलं. ३८ व्या मिनिटाला फाइल संपते हे मला कळलंच नाही. त्या रात्री आरसिंकने फाइल बदललेली पाहिली आणि चांगल्या प्रतीवर ही अर्धवट नेऊन ठेवली. त्याने काहीच चूक केली नाही, त्याला सांगितलेलंच केलं.

४१ चा पट्टा तुटलेल्यांपैकी आहे.

पुढच्या २२ मिनिटांत वडील काकांना सायकलची चेन कशी बसवायची ते सांगतात. मधे आई चहाला हाक मारते. तो तिचा आवाज या एकाच कॅसेटमध्ये आहे. ती ६३५ एमबीची फाइल मी आधी केवळ वाचता येईल अशी केली आणि पाच ठिकाणी नेली. एक डिस्क बहिणीच्या घरी आहे.

बाकी. अडॅप्टर असलेला हब आणला आहे, पण सध्या प्रतीची डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या तोंडाला थेट लावली आहे आणि मूळ एकटी या नव्या हबवर. नऊ रात्री झाल्या, एकही डिसकनेक्ट नाही. १९२ अजून १३७ वरच आहे. रोज सकाळी पाहते.

बॅटरी स्क्रूंनीच बसवलेली होती, निघाली. मधोमध बोटभर फुगली होती. ई-कचऱ्यात दिली. यूपीएस लावलाय.

लॅन केबल बदलली. ईथटूल १००० म्हणतंय, फोटो १०८ ते ११२ एमबीच्या वेगाने जातात. जुनी केबल कपाटाच्या बिजागरीत चेपली गेली होती.

क्रॉन परत चालू केला, पण बदलून. मूळचा पत्ता आता थेट माउंटच्या फोल्डरचा नाही, डिस्कच्या आतल्या 'साठा' या फोल्डरचा आहे. डिस्क नसली तर 'साठा'च नसतो, आणि आरसिंक एरर देऊन थांबतो. डिस्क अनमाउंट करून मुद्दाम पाहिलं, थांबतो. प्रतीच्या बाजूलाही डिस्क खरोखर बसली आहे का ते स्क्रिप्ट आधी तपासते. डिस्क नसताना उरणाऱ्या रिकाम्या फोल्डरांत कोणाला लिहिताच येणार नाही अशी खूण केली आहे. डिलीट काढून टाकलंय. बदललेली जुनी फाइल तारखेच्या फोल्डरात बाजूला ठेवली जाते, ९० दिवस.

नवी डिस्क घेतली नाही. एक शंका मात्र राहिली आहे. ६२ पैकी ६१ सारख्या आहेत, म्हणजे त्या चारही ठिकाणी सारख्याच बिघडलेल्या नाहीत ना, हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून रोज एक ऐकते आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आज ९ वी झाली.